पूजेच्या मशीनला माझी फ्लॉपी

"हात लावू नगंस. पूजा झालीया."

मॅनेजर असं म्हणाले तेव्हा माझं बोट काँप्युटरच्या बटणापासून वीतभर लांब होतं. कुपवाडच्या फाउंड्रीचं ऑफिस. खंडेनवमी. काँप्युटरला हळद-कुंकू, झेंडूचा हार, पुढ्यात नारळ. आदल्या दिवशी तो मीच पुसला होता. धूळ काढायला माझे हात चालले.

"का, साहेब?"

"तुला म्हाईत न्हाई व्हय?"

पेढे खाणारे हसले. माहीत होतं. आम्ही बौद्ध. आजोबांनी देव सोडले, पण गावानं आमची जात सोडली नाही.

मालाची चलनं छापणारा प्रोग्राम मी लिहिला होता. सहा महिने डोकं फोडून. मॅनेजरनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "तुझं काय असंल ते तुझ्या फ्लॉपीत ठेव. मशीनमधी साठवायचं न्हाई." मग रोज फ्लॉपी घालायची, तिच्यातूनच प्रोग्राम चालवायचा, संध्याकाळी काढून घरी न्यायची. मला वाटायचं, व्हायरसची भीती असेल. किती भोळी मी!

बाराला ट्रक भरून गेटवर उभा राहिला. चलनाशिवाय माल बाहेर जाईना, आणि पुण्याच्या कंपनीला छापीलच चलन लागे. मॅनेजर माझ्याकडे आले.

"फ्लॉपी दे हिकडं. काय दाबायचं ते लांबनं सांग."

मी दिली. त्याची लाज मला आजही वाटते. नोकरी जाईल म्हणून घाबरले होते.

त्यांनी ती दोन बोटांत धरली. पूजेतल्या वाटीत फूल बुडवलं आणि फ्लॉपीवर गोमूत्र शिंपडलं. एकदा. दोनदा. मग पुसून मशीनकडे नेऊ लागले.

तेव्हा कळलं. व्हायरस मीच होते.

मी फ्लॉपी हिसकावली.

"आवं साहेब, फ्लॉपी इटाळती, तर चलन बी इटाळलंच की. हातानं लिवा."

गडबड ऐकून मालक आतून आले. ट्रककडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"जाऊ द्या. ए पोरी, येवढ्यापुरता लाव हात. मागनं परत शिंपडू."

हे तो समजूत काढल्यासारखं बोलला. उपकार केल्यासारखं. मला त्याच्या तोंडावर थुंकावंसं वाटलं. थुंकले नाही. सायकल काढली आणि निघाले. ट्रक कधी हलला, मला माहीत नाही. तिथंच सडला असता तरी मला चाललं असतं.

घरी आई कपाळ बडवत म्हणाली, "लागलेली नोकरी कुनी सोडतं व्हय गं?"

दुसऱ्या दिवशी कंपनीतला माणूस दारात. मालकांनी बोलावलंय, प्रोग्राम घेऊन ये. मी उंबऱ्यातूनच परत पाठवला.

फ्लॉपी ओलीनं वाया गेली होती. प्रोग्राम डोक्यात होता, तो परत लिहिला. पुढं जिथं नोकरी मागायला गेले, तिथं आधी जात सांगितली, मग काम. दोन ठिकाणी दार बंद झालं. होऊ दे. माझा हात ज्याला चालत नाही, त्याला माझं काम मिळणार नाही. मग तो मालक असो, नाहीतर त्याचा देव.