शंभर टक्के निकाल कसा लागायचा

माझी आई काल गेली, आणि शाळेच्या ग्रुपवर तिचं नुसतं कौतुक चाललंय.

"शंभर टक्के रिझल्टवाल्या बाई."

खरंय. दक्षिणी, म्हणजे इथे उत्तरेत स्थायिक झालेल्या मराठी घरांतल्या मुलींसाठी निघालेली ही शाळा. आधी मराठी, मग हिंदी, मग इंग्लिश मीडियम. आई प्रिन्सिपल झाली तेव्हा मुली गळत होत्या. दहावीचा निकाल शंभर टक्के लागायला लागला आणि ॲडमिशनला रांगा लागल्या.

तो कसा लागायचा, ते मी सांगते.

हाफ इयर्लीला गणितात नापास झालेल्या मुलींचे बोर्डाचे फॉर्म आई भरायचीच नाही. पालकांना बोलावून सांगायची, "हिला प्रायव्हेट बसवा, बाहेरून."

माझ्या वर्षी त्यात शोभा होती. माझी जवळची मैत्रीण. तिचे वडील दाना ओली नावाच्या गल्लीत शिलाई मशिनी दुरुस्त करायचे.

शोभाला एकवीस मार्क होते.
मला सतरा.

ती संध्याकाळी आमच्या घरी आली.
"काकू, एक मौका द्या ना. मी रोज येईन शिकायला."

आई मेथी निवडत होती. मान वर केली नाही.
"तुझ्यासाठी शाळेचं नाव घालवू?"

ती गेल्यावर मी म्हटलं, "आई, माझे तर तिच्याहून कमी आहेत."

"तू माझी मुलगी आहेस. पुस्तक काढ."

मी पुस्तक काढलं.

त्या थंडीत आईने मला रोज पहाटे उठवून शिकवलं. मी पास झाले. गेटवरच्या बॅनरवर माझाही फोटो लागला.

शोभा प्रायव्हेट बसली, नापास झाली. पुन्हा कुणी बसवलं नाही. लग्न लावून दिलं.

खासगी बाजार नावाच्या आमच्या पेठेत ती दिसली की मी गल्ली बदलायचे. कितीतरी वर्षं.

काल ती शहराच्या दुसऱ्या भागातून, हजीऱ्याहून ऑटोने आली. आईच्या उशाशी थोडा वेळ बसली. मग मला हळूच विचारलं,
"काकू कधी माझी आठवण काढायच्या?"

घर माणसांनी भरलेलं. 'हो' म्हणणं सोपं होतं.

"नाही. कधीच नाही."

"वाटलंच होतं मला," ती म्हणाली. "और तू?"

मी आईच्या अंगावरची चादर सारखी केली. तिने थांबून वाटही पाहिली. मग चपला घातल्या आणि गेली.

आई, माझ्यासाठी तू जीव तोडून शिकवलंस. काल मी खूप रडले.

तुला शेवटचा नमस्कार.
माझा एकटीचा. शोभाच्या वतीने नाही.