पूर्ण बाह्यांचा शर्ट

मे महिन्यात, तेंदूपत्त्याचा हंगाम सुरू झाला त्याच आठवड्यात, माझ्या वहिनीचे दोन्ही हात उन्हाने भाजले. कोपरापासून मनगटापर्यंत कातडी लाल झाली. संध्याकाळी पाण्याचे फोड आले.

आमचं गाव सानगडीजवळ. वहिनी पवनीची, विणकरांच्या घरातली. लग्नाआधीचे सगळे उन्हाळे तिने मागाच्या खोलीत काढले. आमच्याकडे पहाटे जंगलात पानं तोडायला जातात आणि ऊन चढायच्या आत परततात. तिचा हात सावकाश चालायचा, त्यामुळे ती मागे राहायची. गावातल्या बाया साडीवर नवऱ्याचा जुना, पूर्ण बाह्यांचा शर्ट चढवतात. माझ्या भावाकडे सगळे टी-शर्ट, अर्ध्या बाह्यांचे.

मी तिला साकोलीच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी मलम दिलं. फोड बसेपर्यंत जंगल बंद, नंतरही हात झाकल्याशिवाय उन्हात जायचं नाही, असं बजावलं. हंगाम थोड्याच दिवसांचा असतो. पानांच्या पैशातून वहिनीला शिलाई मशीन घ्यायची होती.

"मामाजीचा शर्ट घाल ना," शेजारची काकी म्हणाली.

"सासऱ्याचा शर्ट? काहीतरीच काय, काकी!"

"मंग भाजून घे. पवनीची मेमसाब, भुट्टा होऊन राहिली!"

आमच्या घरी सून आणि सासरा थेट बोलत नाहीत. निरोप आईमार्फत जातो. बाबा ओसरीत बसले होते. त्यांना सगळं ऐकू येत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी एक निळा शर्ट आईपुढे टाकला. भावाच्या लग्नात घेतलेला. पूर्ण बाह्यांचा त्यांच्याकडे तेवढाच.

"हा पोतेऱ्याले घे. जुना झाला."

"जुना? कॉलरबी नाई मळली. एवढ्या चांगल्या शर्टानं जमीन काहून पुसू?"

"पोतेरा हाय म्हणतो ना मी."

आईने शर्टाकडे पाहिलं, मग दाराआड उभ्या असलेल्या वहिनीकडे.

"घे वो बाई, पोतेरा हाय म्हणते. जंगलात कामी येईन तुले."

फोड बसल्यावर वहिनी तो शर्ट घालून, तोंडाला दुपट्टा बांधून पानं तोडायला गेली. बाह्या बोटांपर्यंत यायच्या. ती त्या दुमडत नसे. त्याच दिवसांत बाबा अर्ध्या बाह्यांच्या शर्टात उन्हाळी धान कापत होते. त्यांचे हात काळवंडले, मानेची सालं निघाली. वहिनीने उरलेलं मलम आईकडे दिलं. आईने ते बाबांच्या खाटेवर ठेवलं.

हंगाम संपला तेव्हा वहिनीच्या हातांवर जुने डाग होते, नवा नव्हता. मशीन दिवाळीच्या आधी आली. तिच्यावर वहिनीने पूर्ण बाह्यांचा एक शर्ट शिवला. माप पोतेऱ्याचं घेतलं. कॉलर डावीकडे किंचित झुकते. बाबा तो घालून सानगडीच्या बाजाराला जातात.