देशाचे बारा

काटेकाका नगरपालिकेच्या मनोऱ्यावरच्या घड्याळाला चावी द्यायचे. तीस वर्षं, रोज एकशे अठ्ठावीस पायऱ्या. बायको म्हणायची, "लग्न माझ्याशी केलंत, संसार त्या घड्याळाशी!"

मग महासंघाचं फर्मान आलं: सगळ्या सभासद देशांची वेळ एकच, म्हणजे आपली घड्याळं अर्धा तास मागे. आपल्या संसदेनं उलट ठणकावलं, आमची वेळ आम्ही ठरवणार! दोन्ही पत्रं नगरपालिकेत आली. मोठ्या साहेबांनी दोन्हींवर एकच शेरा मारला, 'योग्य ती कार्यवाही करावी', आणि कागद काकांकडे ढकलले.

काका भडकलेच. "बाहेरच्यांनी आपल्या काट्याला हात लावला, की देशाचे बारा वाजलेच म्हणून समजा!" पण शेरा म्हणजे शेरा. त्यांनी स्टेशनकडच्या तबकडीचे काटे ढिले केले, अर्धा तास मागे सरकवले आणि ती महासंघाला देऊन टाकली. नोंदणी कचेरीकडची तबकडी मात्र देशाची. "मी जिवंत असेपर्यंत ही एक मिनिट मागे जाणार नाही," असं चौकात चारचौघांसमोर सांगूनही झालं.

आणि पुढच्याच आठवड्यात लेकीचं नोंदणी लग्न! मुलगा शेजारच्या देशातला, महासंघाच्या वेळेवर जगणारा. ठरली साडेअकराची वेळ. कुणाचे साडेअकरा, हे विचारायचं कुणाला सुचलंच नाही. काकांनासुद्धा नाही, घ्या! कचेरी बाराला बंद. नोटिशीची मुदत त्याच दिवशी संपणार. चुकलं तर पुन्हा अर्ज आणि पुन्हा तीन महिने.

पावणेबाराला लेकीनं घाबरून फोन लावला. पलीकडे जावईबापू निवांत. "स्टेशनवर उतरलो. समोर घड्याळात सव्वाअकरा. आजीचा चहा झाला की निघतो. साडेअकराला हजर!"

लेकीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. "बाबा, साहेब कुलूप हातात घेऊन बसलेत हो..."

काकांनी एकदा मनोऱ्याकडे पाहिलं, एकदा लेकीकडे, आणि जी धूम ठोकली! पायऱ्या संपेनात, गुडघे बोंबलताहेत, दम कोंडलाय, आणि त्यातच मेलं हसू आवरेना.

नोंदणीवाल्या साहेबांचा भरवसा मनगटापेक्षा मनोऱ्यावर. कुलूप घेऊन उठले, खिडकीतून सवयीनं बाहेर डोकावले. अकरा पंचवीस. "अरेच्चा! पोटात तर कावळे ओरडताहेत," असं पुटपुटत ते परत खुर्चीत टेकले.

पाच मिनिटांत वऱ्हाड आलं, आजीसकट. सह्या झाल्या. साक्षीदाराच्या रकान्यात काकांची सही वाकडीतिकडी, शेजारी वंगणाचा काळाकुट्ट अंगठा.

बायको कानाशी लागली. "काय हो, एक मिनिट मागे जाणार नव्हती ना?"

"नाहीच गेली," काका धापा टाकत म्हणाले. "चांगली तीस गेली!"

लेक डोळे पुसत खो खो हसत सुटली. त्या दिवशी देशाचे बारा वाजले ते अर्धा तास उशिरा, आणि वाजवले खुद्द काटेकाकांनी.