सलाईनचं चाक

खोलीत शिरले की आमचे डॉक्टर आधी पेशंटकडे बघतच नसत; सलाईनच्या नळीवरचं चाक चाचपत. मग सगळ्यांवरून नजर फिरवून विचारत, “कोणी हात लावला?”

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला धुळ्यातल्या त्या दवाखान्यात मी सिस्टर होते. संशय हा या माणसाचा स्वभावच. मी रक्तदाब मोजला की ते पुन्हा मोजत. चहासुद्धा वास घेऊन पीत. माघारी आम्ही त्यांना सीआयडी म्हणायचो.

पण तुम्हीही पाहिलं असेल, आपल्याकडे सलाईन म्हणजे ताकद. थेंब हळू पडले की नातेवाइकांना वाटतं, दवाखाना हात आखडता घेतोय. आपली पाठ वळली की हळूच चाक फिरवतात. तेव्हा संशय काही एकतर्फी नव्हता.

एकदा शिंदखेड्याकडचा एक शेतकरी आणला. पोटातली मोठी धमनी फुग्यासारखी फुगून पाझरत होती. सर्जन जळगावहून निघाले होते. तोवर त्याला जगवायचं होतं. डॉक्टरांनी थेंब अगदी हळू ठेवले. “जास्त पाणी गेलं तर दाब वाढेल आणि फुगा फुटेल,” त्यांनी पेशंटच्या धाकट्या भावाला बजावलं.

त्याला ते पटेना. “बाटली जोरमा सोडा ना, डाक्टर. दादानं आंग थंडं पडी गयं.”

“नाही म्हणजे नाही!” डॉक्टर स्टूल ओढून चाकाशीच बसले.

दुपारी सर्जनची गाडी आली. मला थिएटर उघडायला पाठवून डॉक्टर त्यांना घ्यायला खाली गेले. आम्ही परतलो तर बाटली झरझर रिकामी होत होती, आणि भाऊ खुशीत होता. “दखा, तोंडवर रंग उना!”

रंग खरंच आला होता. तेवढ्यात पेशंटने पोट आवळून धरलं. टेबलावर न्यायच्या आतच तो गेला.

भावाचा चेहरा पांढराफटक पडला. “डाक्टर, मनी चूक शे का?”

मला वाटलं, आता हे त्याला फाडून खाणार. डॉक्टरांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. “नाही रे. फुगा आधीच फुटला होता. चाकाचा काही संबंध नाही.”

धडधडीत खोटं. एरवी मला त्यांचा राग यायचा. त्या दिवशी रडू आलं.

पुढे दर आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, तो भाऊ आंबे घेऊन यायचा. डॉक्टर टोपली ठेवून घेत, आणि एकही आंबा न खाता सगळे आम्हाला वाटून टाकत.

डॉक्टर वारले त्या वर्षीही तो आला. “आते कोणले देऊ, सिस्टर?”

मी टोपली घरी नेली. एकही आंबा माझ्याने कापवला नाही.