टपालघरातला गारवा

अगं सुमे, लेकी, जरा जवळ ये, मनानं तरी. पार्सल कशाला धाडलंस, स्वतः यायचं सोडून? ते आणायला जुन्या टपालघरात गेल्ते. कमानीखालच्या दगडी खांबाला हात टेकला, अन् निजामाच्या राज्यातली एक दुपार आठवली.

थोरला दादा घर सोडून गेल्ता, त्याचा ठावठिकाणा न्हाई. आई मला घेऊन त्याच खांबाला टेकून बसलेली. आतून तापल्या लाखेचा वास येत होता. खिडकीतून पोस्टमास्तर म्हणाले, "अम्मा, आज भी खत नहीं आया."

"खता-पत्रासाठी कोण आलंय?" आई म्हणाली. "भिंती जाड हैत, गार वाटतं म्हणून बसले."

मला ते बिलकुल खरं वाटलं.

आता थकले गं. भर उन्हात दारात का बसता, शेजारीण विचारते. गार वाटतं, म्हणते मी. लवकर ये.