काकांचा शोध आणि त्यांचा भाऊ

मित्रांनो, बंद पडलेल्या एका कापड गिरणीवर मी पुस्तकासाठी संशोधन करते. आज त्यासाठी हुडकेश्वरला त्या गिरणीतल्या जुन्या मेकॅनिक काकांकडे गेले होते. धागा तुटला की माग आपोआप थांबेल, अशी युक्ती त्यांनी शोधली होती.

"धाकटा भाऊ मागावर होता. त्याच्या डोळ्याले आराम भेटावा म्हणून केलं," ते म्हणाले.

मग मालकांनी एकेका कामगाराला चार-चार माग दिले आणि बाकीच्यांना काढलं. त्यात भावाचीही नोकरी गेली. तो मरेपर्यंत काकांशी बोलला नाही.

"पुस्तकात तुमचं नाव देऊ ना?" मी विचारलं.

"देजो पोरी. पण भावाचं पहिले लिहिजो."

नावं तशीच लिहीन. पण या शोधाला चांगला म्हणू की वाईट? तुम्ही काय लिहिलं असतं?