सर्पदंशाचा फुटलेला पेपर

आता कुठल्या तोंडानं सांगू? पण दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा माझ्याकडूनच ऐका.

माझी नात मुक्ता एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षाला आहे. चांगली डॉक्टर व्हायचं तर संशोधनाची सवय आतापासून हवी, म्हणून तिनं प्रकल्प घेतला: साप चावला तर काय करायचं, हे खेड्यातल्या म्हाताऱ्या माणसांना कितपत माहीत आहे? गाव आमचंच, अणदूर. छापण्याआधी प्रश्नावली माझ्याकडं आली.

"आजोबा, शुद्धलेखन तेवढं बघा."

झालं! मी जन्मभर कॉलेजात इतिहास शिकवलेला माणूस. प्रश्न दिसले की निकालाची धास्ती! गावातल्या म्हाताऱ्यांना उत्तरं आली नाहीत तर पोरगी नापास होणार, नाही का? दोन दिवस अन्न गोड लागेना. तिसऱ्या दिवशी देवळापुढं सगळी म्हातारी मंडळी जमवली आणि उत्तरं घोकून घेतली!

रविवारी मुक्ता फॉर्म घेऊन आली. पहिला नंबर सरूबाईंचा.

"आजी, वय काय तुमचं?"

"बांधायचं न्हाय, चिरायचं न्हाय, थेट सरकारी दवाखाना!"

"अहो, वय विचारलं मी!"

"वयाचं कुणाला ठावं, बाई? फुडचं इचार, समदं येतंय मला!"

मुक्ता खूश. "आजोबा, आपलं गाव किती हुशार हो! एकोणचाळीस झाले, आता चाळिसावा तुम्ही भरा."

भरला. पण माझा स्वभाव! बरोबर उत्तर लिहायचं, शंका यायची, खोडायचं, उलटं लिहायचं.

आठवड्यानं तिचा रडत फोन. "आजोबा, प्रकल्पाच्या मॅडम म्हणतात, सगळे फॉर्म सारखेच, तू घरी बसून भरलेस! प्रकल्प रद्द करणार आहेत."

मिळेल ती एसटी धरून धाराशिवला तिचं कॉलेज गाठलं. "मॅडम, पेपर मी फोडला!"

"अहो सर, लोकांना काय येत नाही, तेच तर शोधायचं होतं! आणि नातीसाठी आजोबा काहीही सांगतील. पुरावा काय?"

मॅडमनी मुक्तासमोरच गठ्ठा चाळला आणि शेवटचा फॉर्म उपसला.

"हा मात्र खरा! अक्षर वेगळं. करकचून बांधा, चिरा द्या, जागोजागी खोडाखोड! इतकं अज्ञान घरी बसून रचता यायचं नाही कुणाला. मुक्ता, गावात गेली होतीस, पटलं. आता नळदुर्गला जा आणि नव्यानं भरून आण. आजोबांना घरीच ठेव."

माझा जीव भांड्यात पडला. मॅडम अजून फॉर्मच बघत होत्या.

"कोण हो सर हे बिचारे? शिक्षणाच्या रकान्यात चुकून पीएच.डी. लिहिलंय."

"चुकूनच मिळालीय," मी म्हणालो.